थंडीतली पहाट, भरतीची धाव आणि आपल्या मुलांचा जीव

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे सहा वाजले नव्हते आणि फोन वाजला. माझा एक जुना विद्यार्थी रडत बोलत होता, "सर, लवकर या, याला गाडीने उडवलं." दोघं मित्र पोलीस भरतीच्या तयारीसाठी रोज पहाटे हायवेच्या कडेने धावायचे. त्या दिवशी धुकं होतं. मुलाच्या अंगात काळं जॅकेट, काळी ट्रॅकपँट, एका कानात इअरफोन. कापूस भरून निघालेल्या पिकअपचा मागून धक्का लागला. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत पट्टी टाकावी लागली आणि त्या वर्षीची भरती गेली.

पिकअपवाला दवाखान्यात आमच्यासोबत बसून होता. म्हणाला, "गुरुजी, दिसलाच नाही हो." खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. अंधारात, धुक्यात, काळ्या कपड्यातला माणूस दिसतच नाही. मुलाची अम्मी मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सर, मीच त्याला साडेचारला उठवून दिलं होतं."

तेव्हापासून या विषयावर लिहायचं मनात होतं. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, सेलू, कुठेही जा, डिसेंबर-जानेवारीत पहाटे रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. त्यात आपल्या मोहल्ल्यातली मुलंही आहेत, आता मुलीसुद्धा आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण थंडीत धावायचं कसं, हे त्यांना कुणी सांगत नाही. "उठ आणि पळ" एवढंच सांगितलं जातं. म्हणून हा लेख, मुलांसाठी आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांसाठी.

आपल्याकडे कुठे एवढी थंडी?

असं बरेच जण म्हणतात. वर्धा म्हटलं की ४५-४६ अंशांचा उन्हाळा आठवतो. पण विदर्भाची थंडीही साधी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. उत्तरेकडून कोरडे वारे आले की आपल्याकडेही रात्रीचं तापमान ८ ते १० अंशांवर येतं. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक कमी असलं, की हवामान खातं त्याला थंडीची लाट म्हणतं.

त्यात आणखी एक अडचण आहे. आपलं शरीर उन्हाळ्याला सरावलेलं असतं. काश्मीरच्या माणसाला १० अंश म्हणजे काहीच नाही, आपल्याला ते झोंबतं. आपल्या घरात थंडीचे नीट कपडेही नसतात. एक स्वेटर, तोच शाळेत, तोच लग्नात आणि तोच धावायला.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्याला २० गुण असतात. मुलाने १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलीने ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत पूर्ण केलं, तर पूर्ण २० गुण मिळतात. म्हणजे हे आरामात पळणं नाही, जीव तोडून पळणं आहे. जीव तोडून पळायचं असेल तेव्हाच शरीर नीट तयार असावं लागतं.

थंडीत शरीरात काय होतं?

थंडी लागली की शरीर आधी हृदय, फुप्फुसं, मेंदू या आतल्या अवयवांची ऊब सांभाळतं. त्यासाठी हातापायांच्या आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटं गार पडतात ती म्हणूनच. वाहिन्या आकसल्या की रक्तदाब थोडा वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तरुण, निरोगी मुलाला हे कळतही नाही. पण ज्याला आधीच बीपी आहे किंवा हृदयाचा त्रास आहे, त्याच्यासाठी हा भार मोठा असतो.

दुसरी गोष्ट स्नायूंची. थंड स्नायू आखडलेले असतात, लवकर ताणले जात नाहीत. अशा स्नायूंवर एकदम जोर दिला तर मांडीच्या मागची नस ओढली जाते, पोटरी धरते. थंडीच्या दिवसांत मैदानावर लंगडत चालणारी पोरं बघा, त्यातली निम्मी तरी वॉर्मअप न करता पळालेली निघतील.

तिसरी गोष्ट श्वासाची. आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा हवा आत जाताना गरम आणि ओलसर होते. जोरात धावताना तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि थंड, कोरडी हवा सरळ आत जाते. त्याने श्वासनलिका सुकते. काही मुलांमध्ये ती आकसते. मग खोकला, छातीत घरघर, छाती आवळल्यासारखं वाटणं. गंमत म्हणजे हा त्रास पुष्कळदा धावताना होत नाही, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सुरू होतो. त्यामुळे मुलाला वाटतं, धूळ गेली असेल.

बाईकवरून उतरून थेट पळू नका

आपल्या पोरांची सगळ्यात मोठी चूक हीच. गावातून मैदान पाच-सात किलोमीटर लांब. एका बाईकवर दोघं-तिघं बसतात, अंगात नुसता टी-शर्ट, कारण "पळायचंच तर आहे". बाहेर १० अंश तापमान असेल आणि गाडी ताशी ५० च्या वेगाने असेल, तर उघड्या चेहऱ्याला आणि हातांना ५-६ अंश असल्यासारखी थंडी लागते. मैदानावर पोचेपर्यंत हात बधिर, पाय आखडलेले. उतरले की घड्याळ लावून १६०० मीटर सुरू.

त्याऐवजी असं करा. बाईकवर जॅकेट, कानटोपी, हातमोजे घालूनच जा. मैदानावर पोचल्यावर पाच मिनिटं भरभर चाला. मग पाच मिनिटं अगदी हळू धावा, इतकं हळू की सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. नंतर हालचालीचे व्यायाम करा: गुडघे वर उचलून धावणं, टाचा मागे लावणं, पाय पुढे-मागे झुलवणं, हात गोल फिरवणं. शेवटी ५०-६० मीटरच्या दोन-तीन धावा वाढत्या वेगाने. अंगाला हलका घाम सुटला की मगच जॅकेट काढा आणि मुख्य सराव सुरू करा. उन्हाळ्यात दहा मिनिटांचा वॉर्मअप पुरत असेल, तर थंडीत पंधरा ते वीस मिनिटं द्या.

एका जागी उभं राहून, वाकून नसा ताणत बसणं, हे गार अंगावर करू नका. तो ताण धावून झाल्यावर, अंग गरम असताना द्यायचा. आणि सराव संपला की एकदम खाली बसू नका. पाच मिनिटं चालत राहा.

कपडे: ओलावा हा खरा शत्रू

थंडीत माणूस थंडीने कमी आणि ओल्या कपड्याने जास्त गारठतो. हे पटत नसेल तर चीनची एक घटना ऐका. २२ मे २०२१ ला गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरातली शर्यत होती. १७२ जण धावत होते. बहुतेकांच्या अंगात हाफ पँट आणि पातळ टी-शर्ट. दुपारी अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. कपडे भिजले, वाऱ्याने अंगातली सगळी ऊब ओढून घेतली. २१ धावपटू मरण पावले आणि त्यात देशातले नावाजलेले धावपटूही होते. झू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेसारख्या निवाऱ्यात नेऊन, शेकोटी पेटवून, रजया पांघरून वाचवलं. तो महिना मे होता, बर्फाचा मोसम नव्हता. भिजलेलं अंग आणि वारा, एवढंच पुरलं.

वर्ध्यात असं वादळ रोज येत नाही. पण तत्त्व तेच. सुती बनियान घाम पितं आणि अंगाला चिकटून राहतं. धावताना कळत नाही, पण थांबलं आणि वारा लागला की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. म्हणून:

- अंगालगत पातळ, लवकर सुकणारा कपडा घाला. बाजारात खेळाचे पॉलिस्टरचे टी-शर्ट स्वस्तात मिळतात. महागाचा ब्रँड लागत नाही.
- त्यावर पूर्ण बाह्यांचा एक थर. वारा असेल तर वरून पातळ वाऱ्याचं जॅकेट.
- कान, डोकं आणि हात झाका. कानटोपी आणि साधे लोकरी हातमोजे पुरतात.
- निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातून निघतानाच एकदम उबदार वाटत असेल, तर कपडे जास्त झालेत. दहा मिनिटांत घामाने भिजाल.
- पिशवीत एक कोरडं बनियान आणि टॉवेल ठेवा. धावून झालं की लगेच ओलं काढून कोरडं घाला. सगळ्या सल्ल्यांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हाच आहे.

काही मुलं "घाम जास्त निघतो, वजन उतरतं" म्हणून रेनकोट किंवा प्लास्टिक बांधून पळतात. त्याने चरबी जात नाही, फक्त पाणी जातं. ते पाणी प्यायलं की वजन परत येतं. मधल्या वेळात चक्कर येण्याचा धोका मात्र असतो.

फजरच्या वुजूनंतर पाय नीट पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच मोजे घाला. ओल्या पायावर मोजे घालून धावलं की फोड येतात, चिखल्या होतात. बुटांचा तळवाही बघा. पहाटे दंवाने गवत आणि डांबराची कड निसरडी असते. अवकाळी पावसानंतर आपली काळी माती बुटाला किलोभर चिकटते, घसरायला तेवढं पुरतं. तळ गुळगुळीत झालेला बूट थंडीत वापरू नका.

अंधार, धुकं आणि रस्ता

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या भागात पहाटे धावणाऱ्याला थंडीपेक्षा रस्त्याचा धोका मोठा आहे.

साधं गणित मी वर्गात फळ्यावर मांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. डिपरच्या उजेडात काळे कपडे घातलेला माणूस ड्रायव्हरला साधारण २५-३० मीटरवर आल्यावर दिसतो. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १७ ते २५ मीटर पुढे आलेली असते. उरलेल्या चार-पाच मीटरमध्ये भरलेली गाडी थांबत नाही. धुकं असेल तर हे गणित आणखी बिघडतं. आणि आपल्याकडे हा नेमका कापसाचा मोसम. हिंगणघाटच्या बाजारात लवकर नंबर लागावा म्हणून पहाटेच ट्रॅक्टर, पिकअप, बंड्या निघतात. कित्येकांना मागचा लाइट नसतो. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो.

म्हणून नियम असे:

- हायवेवर धावूच नका. नागपूर-वर्धा-यवतमाळ रस्ता असो की हिंगणघाट-जामकडचा हैदराबाद रस्ता. समृद्धी महामार्गावर तर पायी जायला आणि दुचाकीलाही बंदी आहे. तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. "सकाळी मोकळा असतो" हा विचारच डोक्यातून काढा.
- शहरात जिल्हा क्रीडा संकुल आहे, शाळा-कॉलेजांची मैदानं आहेत. गावात शाळेचं मैदान नसेल तर शेताकडे जाणारा, गाड्या कमी असलेला पांदण रस्ता निवडा.
- रस्त्याने जावंच लागलं तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून धावा. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात. डाव्या कडेने धावलं तर गाडी पाठीमागून येते आणि दिसत नाही. समोरून येणारी दिसते, बाजूला उडी मारता येते.
- रिफ्लेक्टर पट्टीचं जाकीट घाला. रस्त्याची कामं करणारे मजूर घालतात तेच. हेडलाइट पडला की ते १०० मीटरहून जास्त अंतरावरून चमकतं. नुसता पांढरा शर्ट धुक्यात मिसळून जातो, त्यावर भरवसा ठेवू नका. हातात किंवा डोक्याला छोटी टॉर्च असावी.
- कानात इअरफोन नको. एकाही कानात नको.
- तिघा-चौघांनी धावताना एकामागे एक धावा, रस्ताभर पसरू नका.

कुत्र्यांचं भय असतंच. टोळी दिसली तर पळू नका, थांबा, हळू चालत पुढे जा. सेलू, कारंजा, आष्टी भागातल्या, विशेषतः बोर जंगलाच्या जवळच्या गावांतल्या मुलांनी उजाडल्याशिवाय एकटं बाहेर पडूच नये. रानडुक्कर तर शेतात सगळीकडेच आहे, तिकडे वाघ-बिबट्याही आहे.

साडेचार नको, साडेसहा

"पहाटे जितकं लवकर, तितकं चांगलं" ही समजूत थंडीत चुकीची आहे. सूर्योदयाच्या जरा आधीची वेळ सगळ्यात गार असते. शिवाय थंडीत गार हवा खाली बसते आणि तिच्यासोबत चुलीचा, कचऱ्याचा, शेतात जाळलेल्या पऱ्हाटीचा धूरही जमिनीलगत अडकून राहतो. ऊन वर आल्यावर तो विरतो. साडेचारला धावणारा मुलगा शुद्ध हवा घेत नाही, आदल्या रात्रीचा धूर घेतो.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य साडेसहा ते सातच्या दरम्यान उगवतो. रस्ता नीट दिसण्याइतका उजेड साधारण साडेसहाला होतो. आपल्यासाठी तर ही सोपी गोष्ट आहे. फजरची नमाज जमातीने पढा, घरी या, एक केळं किंवा दोन-तीन खजूर, कपभर चहा किंवा कोमट पाणी घ्या, आणि साडेसहाला मैदानावर पोचा. मशिदीतून चार मुलं सोबतच निघाली तर कुणी एकटं राहत नाही. शाळा-कॉलेज लवकर असेल तर संध्याकाळी असरनंतर धावा. तेव्हा अंगही मोकळं असतं आणि हवाही उबदार. भरतीची चाचणी सकाळी होते म्हणून पहाटेच सराव हवा, असं मुलं म्हणतात. त्यासाठी आठवड्यातले दोन दिवस सकाळी धावलं तरी पुरतं.

पाणी विसरू नका. थंडीत तहान कमी लागते, पण श्वासातून आणि घामातून पाणी जातच असतं. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा.

लपवू नका

हा भाग आईवडिलांनी दोनदा वाचावा. काही मुलांना दमा असतो आणि ते लपवतात. कारण एकच, "कळलं तर भरतीतून नाव कटेल." माझ्या वर्गातला एक मुलगा धावून आल्यावर रोज खोकायचा. विचारलं की म्हणायचा, "सर्दी आहे सर." घरी विचारलं तर लहानपणी त्याला वाफ द्यावी लागायची, हे त्याच्या अब्बूंनी सांगितलं. तपासणी झाली, डॉक्टरांनी धावण्याआधी पंधरा मिनिटं घ्यायचा पंप दिला, नाकातोंडावर पातळ रुमाल बांधून वॉर्मअप करायला सांगितलं. त्याची वेळ सुधारली. निदान झालं तर औषध मिळतं. लपवलं तर मैदानावर जीवावर बेततं.

विदर्भात सिकलसेलही आहे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, पाणी कमी पडणं आणि अतिश्रम, या तिन्हींमुळे अंगदुखीचा तीव्र झटका येऊ शकतो. जो फक्त वाहक आहे त्याला एरवी त्रास नसतो, पण त्यानेही पाणी न पिता जीव तोडून पळू नये. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. घरात कुणाला असेल तर मुलाची तपासणी आधी करा. घरात तरुण वयात कुणाचा अचानक हृदयाने मृत्यू झाला असेल, किंवा धावताना मुलाला कधी भोवळ आली असेल, तर भरतीची तयारी सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. सेवाग्राम आणि सावंगीला मोठी रुग्णालयं आहेत. एवढी सोय पुष्कळ जिल्ह्यांत नाही.

छातीत दुखणं किंवा दडपण, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, दम न बसणं, भोवळ: यातलं काहीही झालं तर थांबायचं, "एक राउंड बाकी आहे" म्हणायचं नाही. १०८ ला फोन करा. मुलगा कोसळला आणि श्वास घेत नसेल, तर गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. हे मी दहावीच्या मुलांना उशीवर शिकवतो. तुम्हीही शिकून घ्या.

मुलींसाठी

मुलींनी धावावं की नाही, यावर अजून घरात वाद होतात. हजरत आयेशा (रजि.) यांच्यासोबत रसूलुल्लाह (स.) यांनी धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. एवढंच सांगून पुढे जातो. थंडीत पूर्ण बाह्यांचा सैल टी-शर्ट, सैल ट्रॅकपँट आणि डोक्याला घट्ट बसणारा खेळाचा हिजाब, हे सगळं उलट सोयीचंच आहे, कान-मान झाकली जाते. मोठी ओढणी किंवा लांब बुरखा घालून धावू नका, पायात येतो. मुलीला एकटीला अंधारात पाठवू नका, मुलालाही नको. अब्बू, भाऊ किंवा दोन-तीन मैत्रिणी सोबत असू द्या. मैदान आणि वेळ आपण ठरवून दिली, तर "नाही" म्हणायची वेळ येत नाही.

मोठ्यांसाठी आणि शेकोटीबद्दल

मुलाला पाहून चाळिशीतले अब्बूही धावायला निघतात. मीही निघालो होतो. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल तर ऊन पडल्यावर, आठच्या सुमारास भरभर चाला. धावायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्याने उपाशीपोटी जाऊ नये. शुगर उतरली तरी थरथर होते आणि आपण समजतो थंडी वाजतेय. खिशात साखर किंवा खजूर ठेवा.

धावून आल्यावर शेकोटीजवळ बसायचं तर उघड्यावर बसा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस संपतो. मैदानावर कचरा, टायर पेटवून त्याच्या धुरात धापा टाकत उभं राहणं, हेही तसंच घातक.

एखादा मुलगा भिजला, गारठला आणि खूप थरथरतोय, तर ओले कपडे काढा, कोरडं पांघरा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. बोलताना अडखळत असेल, तोल जात असेल किंवा थरथर अचानक थांबून सुस्त झाला असेल, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. ती धोक्याची खूण आहे, दवाखान्यात न्या.

बर्फात राहणाऱ्या आपल्यांसाठी

आपल्यातली काही मुलं फौजेत लडाखला आहेत, काही शिक्षणासाठी, नोकरीसाठी कॅनडा-इंग्लंडला. लडाखच्या गोठलेल्या पँगाँग सरोवरावर २० फेब्रुवारी २०२३ ला २१ किलोमीटरची शर्यतही झाली. पण तिथली थंडी वेगळी. उणे १८ अंश तापमान आणि ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. नाक, कान, बोटं पांढरी पडली, बधिर झाली तर लगेच आत जा. चोळू नका, बर्फ लावू नका, सोसवेल अशा कोमट पाण्यात ठेवा. धावताना जाताना वाऱ्याच्या समोर आणि येताना वारा पाठीशी असेल असा रस्ता निवडा, म्हणजे घामाने भिजल्यावर वारा तोंडावर येत नाही. रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ दिसत नाही, म्हणून पावलं लहान टाका, बुटाला काटेरी पट्टा लावा. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते. कुठल्या रस्त्याने जाताय ते घरी सांगून निघा.

रमजान आता थंडीत येतोय

हिजरी वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. येत्या काही वर्षांत तो जानेवारीत येईल, आणि २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या शेवटी. म्हणजे भरतीची तयारी, थंडी आणि रोजा सोबत असतील. तेव्हा जोरदार सराव सहरीनंतर करू नका, दिवसभर पाणी मिळणार नाही. इफ्तारच्या आधी अर्धा तास हलकं धावणं किंवा तरावीहनंतर उजेडाच्या मैदानावर सराव, हे जास्त बरं. महिनाभर वेग वाढवायचा नाही, आहे तो टिकवायचा.

निघण्याआधी दारात उभं राहून बघा

आईवडिलांनो, मुलगा निघताना एवढंच तपासा: उजाडलंय का? रिफ्लेक्टरचं जाकीट घातलंय का? सोबत कोण आहे? कुठल्या मैदानावर जातोय? पिशवीत कोरडं बनियान आहे का? फोन चार्ज आहे का? काल खोकला होता का?

रिफ्लेक्टरचं जाकीट मजुरांच्या सामानाच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. त्या मुलाच्या पायाच्या ऑपरेशनला किती खर्च आला, ते त्याच्या अब्बूंना विचारून मी इथे लिहीत नाही. तो मुलगा आता पुन्हा धावतोय. उजाडल्यावर, मैदानावर, अंगात पिवळं जाकीट. त्याची अम्मी आता त्याला साडेचारला नाही, फजरच्या अजानला उठवते.